पीडित भरपाईचे पैसे कुठे गळतात: अर्जापासून मुदत ठेवीपर्यंत

"निकाल लागला की बघू." गुन्ह्यात माणूस गेलेल्या किंवा जखमी झालेल्या घरात भरपाईचा विषय काढला की बहुतेक वेळा हेच ऐकू येतं. काहींनी अर्ज केलेला असतो, पण तो कलेक्टर कचेरीत धूळ खात असतो, कारण तिथे तो द्यायचाच नव्हता. काहींचे पैसे मंजूर होऊन खात्यावर येतातही, आणि दोन महिन्यांत संपतात. कुठे गेले ते घरात नीट कोणालाच सांगता येत नाही.

पीडित भरपाई निधी हा सार्वजनिक पैसा. राज्याच्या अर्थसंकल्पातून येतो, थोडा दंडाच्या रकमांमधून. खोटे दावे होतात, नाही असं नाही. पण मी पाहिलेली गळती जास्त करून साध्या कागदी ढिलाईतून झालेली आहे: चुकीचं दार, चुकीचं खातं, दुसऱ्याचा मोबाइल नंबर, कोऱ्या स्लिपवर सही. ही भोकं अर्जदार आणि त्याला मदत करणारा माणूस बुजवू शकतो. म्हणून हा लेख दोघांसाठी आहे, म्हणजे घरच्यांसाठी आणि त्यांच्याबरोबर कचेरीत जाणाऱ्या आशाताई, पोलीस पाटील, संस्थेचे कार्यकर्ते किंवा नवे वकील यांच्यासाठी.

टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा. खातं आधी आणि अर्ज नंतर, हे उगाच लिहिलेलं नाही.

१. आधी दार ठरवा

भरपाई हा एकच शब्द चार-पाच वेगळ्या वाटांसाठी वापरला जातो आणि पहिला घोळ इथेच होतो.

राज्याच्या निधीतून मिळणारी पीडित भरपाई भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली येते. १ जुलै २०२४ पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३५७अ होतं. रक्कम ठरवण्याचं काम जिल्हा किंवा राज्य विधी सेवा प्राधिकरणाचं. जिल्हा प्राधिकरणाचं कार्यालय सहसा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष, पण रोजचं काम सचिव पाहतात. अर्ज त्यांच्याकडे जातो. गुन्हा जुना असेल आणि कोणतं कलम लिहावं असा प्रश्न पडला तर दोन्ही लिहा.

पीडित अठरा वर्षांखालील असेल आणि गुन्हा पोक्सोचा, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखालचा असेल तर भरपाईचा आदेश विशेष न्यायालय देतं. २०२० च्या पोक्सो नियमांप्रमाणे एफआयआर नोंदल्यानंतर कोणत्याही टप्प्यावर अंतरिम, म्हणजे अंतिम निर्णयाआधीची, भरपाई मागता येते, आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत राज्याने ती द्यायची असते. जेवण, कपडे, प्रवास अशा तातडीच्या खर्चासाठी बाल कल्याण समिती वेगळी शिफारस करू शकते. ते पैसे आठवड्याभरात मिळायला हवेत.

अ‍ॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात अर्थसहाय्य जिल्हा प्रशासन आणि समाजकल्याण खात्यामार्फत मिळतं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम गुन्ह्याच्या प्रकारानुसार ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत आहे आणि ती टप्प्याटप्प्याने येते. वाहन अपघातासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. आरोपीला झालेल्या दंडातून काही द्यायचं असेल तर ते निकाल देणारं न्यायालय ठरवतं.

एका घटनेला दोन दारं लागू असू शकतात. दोन्हीकडे जाता येतं, पण एकीकडे मिळालेलं दुसरीकडे सांगावं लागतं. ते तिसऱ्या टप्प्यात येईल.

*थांबा:* निकालाची वाट पाहू नका. आरोपी सापडलाच नाही आणि खटला उभा राहिला नाही, तरी पीडित व्यक्ती ओळखलेली असेल तर ती किंवा तिचे अवलंबित थेट प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. आरोपी निर्दोष सुटला किंवा खटला चालण्याआधीच दोषमुक्त झाला तरी पुनर्वसनाची गरज असेल तर न्यायालय शिफारस करू शकतं. ही तरतूद कलमातच लिहिलेली आहे.

मुदतीचंही लक्षात ठेवा. महिला पीडितांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, म्हणजे नालसाची, २०१८ ची योजना आहे. तिच्यात घटनेपासून किंवा एफआयआरपासून तीन वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो. उशीर झाला असेल तर कारण लिहून माफीची विनंती करता येते. राज्याच्या योजनेची मुदत वेगळी असू शकते, त्यामुळे कार्यालयात गेल्यावर विचारायची पहिली गोष्ट हीच.

२. खातं: अर्जाच्या आधी, अर्जासाठी नव्हे

हा टप्पा लोक शेवटी करतात. मी तो दुसरा ठेवला आहे, कारण मंजूर झालेले पैसे परत गेल्याची कारणं शोधली की बहुतेक वेळा खात्यातच सापडतात.

पहिलं कारण म्हणजे खात्याचा प्रकार. गावात पुष्कळ जणांचं खातं पूर्ण केवायसी न करता उघडलेलं 'छोटं खातं' असतं. त्यात एका वेळी ५० हजारांहून जास्त शिल्लक ठेवता येत नाही, वर्षभरात एकूण एक लाखापेक्षा जास्त रक्कम जमा होऊ शकत नाही आणि महिन्याला दहा हजारांपलीकडे पैसे काढता येत नाहीत. सरकारी अनुदानाला शिल्लकीच्या मर्यादेत सूट आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका; भरपाईची रक्कम चार-पाच लाख असेल तर ती या खात्यात अडकू शकते. पासबुकावर हे ठळक लिहिलेलं असेलच असं नाही. शाखेत जाऊन विचारा: "माझं खातं पूर्ण केवायसीचं आहे का?" नसेल तर आधार आणि पॅन देऊन ते करून घ्या.

दुसरं, पडीक खातं. दोन वर्षं खातेदाराने काही व्यवहार केला नसेल तर बँक खातं निष्क्रिय धरते. मग रक्कम आली तरी ती काढण्यासाठी पुन्हा हेलपाटे. अर्ज करण्याआधी शंभर रुपये भरा, शंभर काढा, पासबुक भरून घ्या.

तिसऱ्या कारणाकडे फार कमी जण बघतात, ते म्हणजे मोबाइल नंबर. एका बाईंच्या खात्यावर पैसे आले होते आणि त्यांना ते तीन आठवड्यांनी कळलं. खातं उघडताना ज्याने फॉर्म भरून दिला होता त्याने स्वतःचाच नंबर टाकला होता. एसएमएस त्याला जात होते. पिशवीतून त्यांनी पासबुक काढलं तेव्हा त्यात पैसे काढायच्या तीन स्लिपा घडी करून ठेवलेल्या होत्या. तिन्हीवर त्यांचा अंगठा, रक्कम कोरी. "साहेबांचा माणूस आहे, तो काढून देतो म्हणाला." त्या दिवशी आम्ही अर्ज, आदेश सगळं बाजूला ठेवलं आणि आधी शाखेत गेलो. स्लिपा फाडल्या, शाखाधिकाऱ्यांना लेखी पत्र देऊन नंबर बदलला, एटीएम कार्ड बंद करून नवं मागवलं. चौथी स्लिप त्या माणसाकडे होती की नाही ते कधीच कळलं नाही, पण ती चालली नाही.

खात्याबद्दल आणखी दोन गोष्टी. खातं पीडित व्यक्तीच्या एकटीच्या नावावर असलेलं बरं. संयुक्त खातं चालतं, पण दुसरं नाव कोणाचं यावर बरंच अवलंबून असतं. आरोपी घरातलाच असेल, तर त्याचं किंवा त्याची बाजू घेणाऱ्याचं नाव खात्यावर, वारस नोंदीत किंवा लहान मुलाचा पालक म्हणून कुठेही येता कामा नये. दुसरं असं की ज्या शाखेत स्वतःचं किंवा जामीनदार म्हणून घेतलेलं कर्ज थकलेलं आहे, तिथे हे खातं ठेवू नका. मग बँकेशी हुज्जत घालायची वेळच येत नाही.

*तपासून घ्या:* पासबुकाच्या पहिल्या पानावर नाव, खाते क्रमांक, आयएफएससी स्पष्ट दिसतात का? नाव आधारवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतं का? आधारवर माहेरचं आडनाव आणि पासबुकावर सासरचं, हा आपल्याकडचा ठरलेला घोटाळा. जुळत नसेल तर आत्ताच दुरुस्त करा. तेवढा वेळ नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा.

३. कागद आणि अर्ज

कागदांची यादी फार मोठी नाही:

- एफआयआरची प्रत. खबर देणाऱ्याला किंवा पीडिताला ती मोफत मिळण्याचा कायद्याने हक्क आहे. झेरॉक्सचेसुद्धा पैसे द्यायचे नाहीत. गुन्हा रजिस्टर नंबर, पोलीस ठाणं, तारीख आणि कलमं त्यावर वाचता आली पाहिजेत.
- दवाखान्याचे कागद: जखमेचं प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, अपंगत्व आलं असेल तर त्याची टक्केवारी दाखवणारा दाखला. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल आणि मृत्यूचा दाखला.
- अवलंबित असल्याचा पुरावा: रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, लग्नाची नोंद.
- आधार, पासबुकाची प्रत, रद्द केलेला धनादेश.
- खटला सुरू असेल तर दोषारोपपत्र किंवा केस क्रमांक.

अपंगत्वाच्या टक्केवारीकडे लक्ष द्या. नालसाच्या महिलांसाठीच्या योजनेत ८० टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व असेल तर दोन ते पाच लाख, ४० ते ८० टक्के असेल तर दोन ते चार लाख अशा पायऱ्या आहेत. बलात्कारासाठी चार ते सात लाख, सामूहिक बलात्कारासाठी पाच ते दहा लाख, मृत्यूसाठीही तेवढेच, अ‍ॅसिडने चेहरा विद्रूप झाला असेल तर सात ते आठ लाख. पीडिता अज्ञान असेल तर ही मर्यादा ५० टक्क्यांनी वाढते. म्हणजे दाखल्यात 'जखम गंभीर' एवढंच मोघम लिहिलेलं असेल तर अर्ज खालच्या पायरीवर अडकतो. डॉक्टरांकडून टक्केवारी लिहून घ्या.

अर्ज साध्या मराठीत चालतो. पानंच्या पानं भरून घटनेचं वर्णन करू नका, ते एफआयआरमध्ये आहे. अर्जात नसतं आणि असायला हवं ते म्हणजे नुकसानीचा हिशेब. उपचाराला किती लागले, किती महिने मजुरी बुडाली, शाळा सुटली का, घर सोडावं लागलं का, पुढे कोणती शस्त्रक्रिया बाकी आहे. पावती असेल तर जोडा. नसेल तर "पावती नाही, अंदाज अमुक" असं सरळ लिहा. अंदाजाला अंदाज म्हणणाऱ्या अर्जावर विश्वास बसतो. आकडा फुगवलेला असेल तर चौकशीत तोच आधी हाताला लागतो आणि मग खऱ्या आकड्यांकडेही संशयाने पाहिलं जातं.

आता सगळ्यात नाजूक परिच्छेद. मिळालेले सगळे पैसे लिहा. मनोधैर्य या राज्याच्या पीडितांसाठीच्या योजनेतून काही मिळालं असेल, विमा आला असेल, सरकारने सानुग्रह मदत दिली असेल, अ‍ॅट्रॉसिटीचा पहिला हप्ता आला असेल, तर तारखेसह लिहा. नालसाच्या योजनेत अशी रक्कम भरपाईचाच भाग धरली जाते आणि उरलेला फरक निधीतून दिला जातो. पाच लाख मंजूर झाले आणि आधी एक लाख मिळाले असतील, तर चार लाख येतात. लोकांना वाटतं की सांगितलं तर अर्ज फेटाळतील. तसं होत नाही, वजावट होते. लपवलं आणि नंतर उघडकीला आलं, तर खरा पीडितही खोटं प्रतिज्ञापत्र करणारा ठरतो. मिळालेलं काहीच नसेल तर तेही लिहा: "आजपर्यंत कोणत्याही योजनेतून रक्कम मिळालेली नाही."

*थांबा:* कोऱ्या प्रतिज्ञापत्रावर, कोऱ्या वकीलपत्रावर सही किंवा अंगठा नको. मजकूर वाचून दाखवायला सांगा, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाकडून तोच मजकूर पुन्हा वाचून घ्या.

४. वकील आणि टक्केवारी

महिला आणि बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही मिळतो. त्याच प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० या नालसाच्या हेल्पलाइनवर विचारा.

खासगी वकील लावला तरी "मिळालेल्यातले दहा टक्के" हा सौदा करू नका. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. वकील नसलेला माणूस टक्केवारी मागत असेल, तर तो कोणाचा 'माणूस' आहे हे शोधत बसू नका. त्याचं नाव, नंबर आणि तारीख लिहून ती चिठ्ठी सचिवांकडे द्या.

५. अंतरिम मदत वेगळी मागा

मुख्य अर्जाबरोबर, पण वेगळ्या कागदावर. कायद्याने प्राधिकरण तातडीची वैद्यकीय मदत किंवा इतर अंतरिम दिलासा देऊ शकतं. त्यासाठी पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं किंवा त्या भागातल्या दंडाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र लागू शकतं, ते तपासी अंमलदाराला आधीच सांगून ठेवा. अ‍ॅसिड हल्ल्यात प्रकरण लक्षात आल्यापासून १५ दिवसांत एक लाख रुपये मिळायला हवेत आणि त्यानंतर दोन महिन्यांत आणखी दोन लाख.

इथे एक गळती आहे, तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. बलात्कार, अ‍ॅसिड हल्ला आणि पोक्सोच्या गंभीर गुन्ह्यांत प्रत्येक रुग्णालयाने, सरकारी असो वा खासगी, प्रथमोपचार किंवा उपचार मोफत द्यायचे असतात. कलम ३९७ हेच सांगतं. तरीही खासगी रुग्णालय बिल फाडतं, घरचे उसने आणून भरतात आणि नंतर अंतरिम भरपाई त्या उसनवारीत जाते. म्हणजे पीडिताच्या नावाने निघालेला सरकारी पैसा शेवटी रुग्णालयाच्या गल्ल्यात. बिल भरण्याआधी रुग्णालयाच्या प्रशासनाला कलम ३९७ चा उल्लेख करून लेखी पत्र द्या आणि प्राधिकरणाला फोन करा. भरावंच लागलं तर पावती घ्या आणि अर्जात तो खर्च स्वतंत्र दाखवा.

महिलांवरच्या ठरावीक गुन्ह्यांत एफआयआर नोंदल्याबरोबर पोलिसांनी तिची प्रत प्राधिकरणाला पाठवायची असते, म्हणजे प्राधिकरण आपणहून अंतरिम मदतीचा विचार करू शकतं. ठाण्यात विचारा: "प्रत विधी सेवा प्राधिकरणाला गेली का? जावक क्रमांक काय?" या एका प्रश्नाने कधीकधी फाइल त्याच दिवशी हलते.

६. पोच, चौकशी, पाठपुरावा

अर्ज दोन प्रतींत. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. पोच नाही म्हणजे अर्ज नाही, एवढं सोपं.

कायदा चौकशीला दोन महिने देतो. म्हणून पोच घेतलेल्या दिवशीच दोन तारखा लिहून ठेवा, तीस दिवसांची आणि साठ दिवसांची. तिसाव्या दिवशी जाऊन पोलिसांकडून अहवाल मागवला का आणि तो आला का, एवढंच विचारा. अर्ज बहुतेक या अहवालापाशीच अडतो. तो आला नसेल तर तपासी अंमलदाराला लेखी स्मरणपत्र द्या आणि त्याची प्रत प्राधिकरणाला.

चौकशीला कोणी घरी आलं तर ओळखपत्र पाहा. चौकशीसाठी फी नसते. ओटीपी, एटीएम पिन किंवा "खातं तपासायला दहा रुपये पाठवा" असली मागणी कोणी केली तर तो माणूस प्राधिकरणाचा नाही.

*तपासून घ्या:* कुटुंबात अवलंबित एकापेक्षा जास्त असतील, उदाहरणार्थ मृताची पत्नी आणि त्याचे आई-वडील, तर सगळ्यांची नावं अर्जात आहेत ना? एखादं नाव गाळलं असेल तर वाटपाच्या वेळी भांडण कचेरीत येतं आणि रक्कम अडकून पडते.

७. आदेश वाचणं

आदेश हातात आला की रकमेचा आकडा पाहून घडी घालतात. थांबा, या पाच गोष्टी शोधा: एकूण रक्कम, वजावट किती आणि कशाची, कोणाला किती वाटणी, मुदत ठेवीत किती आणि किती काळ, आणि नाराज असाल तर अपील किती दिवसांत व कोणाकडे. शेवटची तारीख लगेच लिहून ठेवा. आदेशाची प्रमाणित प्रत घ्या, मोबाइलमधला फोटो बँकेत चालत नाही.

८. मुदत ठेव: बँकेच्या टेबलावर काय बोलायचं

नालसाच्या योजनेत सज्ञान पीडितेच्या रकमेपैकी ७५ टक्के किमान तीन वर्षांच्या मुदत ठेवीत जातात आणि २५ टक्के हाताशी मिळतात. सात लाख मंजूर असतील तर सव्वापाच लाख ठेवीत आणि पावणेदोन लाख बचत खात्यात. अज्ञान मुलांचे ८० टक्के ठेवीत राहतात आणि ते सज्ञान झाल्यावरच, तेही ठेवल्यापासून तीन वर्षं झाल्यावर, काढता येतात. शिक्षण, उपचार किंवा तशीच निकड असेल तर प्राधिकरणाच्या परवानगीने आधी काढता येतात.

घरच्यांना ही ठेव म्हणजे अडवणूक वाटते. "आमचेच पैसे, आम्हालाच बंदी." राग समजतो. पण पैसे आल्याची बातमी फुटली की पहिल्या महिन्यात दारात कोण कोण येतं हे एकदा पाहिलं की ठेवीचं महत्त्व कळतं. चुलत दीर, बचत गटाचा थकलेला हप्ता, तडजोडीचा निरोप घेऊन आरोपीकडचा माणूस. 'ठेवीत अडकलेत' हे उत्तर त्या बाईला स्वतःहून द्यायला जड जातं. आदेश ते तिच्या वतीने देतो.

शाखेत हे सांगा:

अ. व्याज दरमहा बचत खात्यात जमा होणारी ठेव हवी. योजनेत तसं म्हटलेलं आहे. सांगितलं नाही तर बँक सवयीने व्याज ठेवीतच गुंतवत जाणारी पावती करते आणि महिन्याचा आधार बंद होतो.

आ. ठेवीच्या नोंदीत असा शेरा हवा: 'प्राधिकरणाच्या लेखी परवानगीशिवाय मुदतीपूर्वी मोडू नये, यावर कर्ज देऊ नये.' आदेशाची प्रत देऊन लेखी मागा. शेरा नसेल तर एका सहीने ठेव मोडते किंवा तिच्यावर कर्ज निघतं, आणि प्राधिकरणाला पत्ताही लागत नाही.

इ. वारसाचं नाव. आरोपीच्या बाजूचं कोणी नको.

ई. पॅन दिला आहे ना, आणि व्याजावर कर कापला जाऊ नये म्हणून बँकेत द्यायचा स्वयंघोषणेचा फॉर्म (पूर्वीचा १५जी) लागू होतो का, ते विचारा. लागू असेल तर तो दरवर्षी भरावा लागतो.

ठेवीची मूळ पावती घरात पीडित व्यक्तीकडेच राहू द्या. मदतनीसाने ती 'सांभाळून ठेवतो' म्हणून घेऊ नये, हेतू कितीही चांगला असला तरी. मी स्वतः सुरुवातीला दोन पावत्या कपाटात ठेवल्या होत्या. एकदा गावाला गेलो आणि नेमकं त्याच आठवड्यात एकीला पावती लागली. तेव्हापासून एकही ठेवत नाही.

९. खटला फिरला तर

आरोपी निर्दोष सुटला एवढ्यावरून भरपाई परत मागितली जात नाही. पुरावा कमी पडणं आणि दावा खोटा असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पण तक्रारदाराने साक्षीत घटनाच नाकारली, फितूर झाली, तर घेतलेली रक्कम वसूल करण्याचे आदेश न्यायालयांनी दिलेले आहेत. म्हणून तडजोडीचा निरोप आला की सरकारी वकिलांना लगेच कळवा. दबाव असेल तर तो लेखी नोंदवा. दबावाखाली फितूर होणारीने पोलीस, न्यायालय किंवा प्राधिकरण, कुठेच काही सांगितलेलं नसेल तर नंतर तिची बाजू मांडणं फार अवघड जातं.

आरोपी दोषी ठरला आणि त्याच्याकडे मालमत्ता आहे, तर निधीतून दिलेली रक्कम त्याच्याकडून वसूल करण्यासाठी प्राधिकरण कारवाई करू शकतं. वसूल झालेले पैसे पुन्हा निधीत जातात, म्हणजे पुढच्या अर्जदाराला मिळतात. आरोपीची शेती, दुकान, गाडी यांची माहिती गावात सगळ्यांना असते, फाइलमध्ये मात्र नसते. मदतनीसाने ती गट क्रमांकासह प्राधिकरणाला लेखी द्यावी.

१०. मदत करणाऱ्यांसाठी

धनादेश वाटपाचा फोटो काढू नका. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चेहरा धूसर केला तरी गावाचं नाव, साडी आणि शेजारी उभा असलेला भाऊ पाहून लोक ओळखतात. संस्थेच्या अहवालात रक्कम आणि तालुका यांची जोडीही टाळा.

एक वही ठेवा. अर्जाची तारीख, आवक क्रमांक, आदेशाची तारीख, रक्कम जमा झाल्याची तारीख, ठेवीची मुदत संपण्याची तारीख. नावाऐवजी क्रमांक लिहा आणि क्रमांक-नावांची यादी दुसरीकडे कुलपात ठेवा. प्रवासखर्च घेतलात तर तोही याच वहीत, अर्जदाराच्या सहीने.

जिल्ह्याचा निधी कसा चालला आहे हे बघायचं असेल तर माहितीच्या अधिकारात एकत्रित आकडे मागा: गेल्या आर्थिक वर्षात किती अर्ज आले, किती निकाली निघाले, साठ दिवसांपलीकडे किती प्रलंबित आहेत, मंजूर झालेली पण न दिलेली रक्कम किती आणि न देण्याचं कारण काय, आरोपींकडून वसुलीच्या किती कारवाया सुरू झाल्या. नावं मागू नका, ती मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. 'मंजूर पण न दिलेली' हा रकाना आधी वाचा. तिथे 'निधी उपलब्ध नाही' लिहिलेलं असेल तर पाठपुरावा मंत्रालयाकडे करावा लागेल. 'खाते तपशील अपूर्ण' लिहिलेलं असेल, तर ते अर्ज कोणाचे आहेत हे सचिवांना विचारून, त्यांच्यामार्फतच त्या घरांपर्यंत निरोप पोचवता येतो, आणि तिथून दुसरा टप्पा पुन्हा सुरू.